अर्धी ठेवलेली गोष्ट

नळदुर्गच्या एसटी स्टँडसमोर सृष्टीचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुकान कसलं, टपरीच. परतीच्या पावसानं भर दुपारी अंधारून आणलं, आणि लॅपटॉपची बॅग पोटाशी धरून एक भिजलेला तरुण तिच्या पत्र्याखाली घुसला.

"काय काढायचंय?"

"काही नाही... नुसतं उभं राहायचंय."

"मंग गिऱ्हाइकाची वाट सोडून उभं ऱ्हावा."

तो हसत बाजूला सरकला. नाव वैजनाथ. मूळचा वाशीचा, आता पुण्यात मोबाईलवर ऐकायच्या मालिका लिहायचा. किल्ला बघून काही सुचतंय का, म्हणून आला होता.

"जुन्या गोष्टी शोधतो मी. त्यांना नवे कपडे घालायचे. जगात नवीन असं काही नसतंच."

"म्हंजे चोरीच की."

"उसनवारी म्हण."

"उसनं न्हेल्यालं परत द्यावं लागतं."

त्यानं पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. सृष्टी उगीचच मशीनची काच पुसत राहिली.

किल्ला बघायला आलेला माणूस पुढं आठवडाभर टपरीवरच दिसला. चहा दोन कपांत येऊ लागला. आणि निघायच्या दिवशी, बस लागायची वाट बघताना, सृष्टीनं त्याला आपल्या आत्याची, कमलबाईची, गोष्ट सांगितली. आत्याचा सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. ती ही गोष्ट रानात सांगायची.

"एक मेंढपाळाची लेक व्हती. पावसात एक वाटसरू तिच्या कळपापाशी आला. तिनं आपली घोंगडी त्याला दिली. 'आणून देतो' म्हणून तो गेला. थंडी आली... ती उघड्यावर बसली वाट बघत."

"मग?"

"मग काय न्हाय. आमच्यात मेंढरं घेऊन परमुलखात निघाल्याल्याला गोष्ट पुरी सांगत न्हाईत. अर्धी ठेवायची. ऱ्हायल्याली ऐकाया मानूस परत येतंच."

"म्हणजे मी यावं, असं कुणाला वाटतंय?"

"बस लागली... जावा."

तो खिडकीतून हात हलवत राहिला. तिनं हात वर केला नाही, पण बस हायवेला लागेपर्यंत ती पावसात उभी होती.

सुरुवातीला फोन रोज यायचा. मग सवडीनं येऊ लागला, मग बंदच झाला. ज्वारी काढणीला आली तेव्हा सृष्टीच्या मोबाईलवर त्याची नवी मालिका आली. तिनं कानात हेडफोन घातले. मेंढपाळाची लेक आता पुण्यात कॉफीच्या दुकानात कामाला होती आणि घोंगडीचं जाकीट झालं होतं. आपली गोष्ट ओळखून तिला आधी हसू आलं. पण शेवटच्या भागात मालिकेतला वाटसरू भर पावसात गाडी घेऊन जाकीट द्यायला आला, दोघांचं लग्न ठरलं, आणि सृष्टीनं हेडफोन काढून ठेवले. शेवट त्यानं स्वतःच करून टाकला होता. आता तो कशाला येतोय?

संध्याकाळी त्याचाच फोन आला.

"ऐकलीस? लोकांना फार आवडलीय. तुझ्यामुळं."

"शेवट तुमीच केला."

"करावा लागला गं. मालिका थांबत नाही कुणासाठी."

"म्या तुमच्यासाठी ठेवला व्हता. तुमी लई आवडला व्हता मला. म्हणून अर्धी ठेवली."



"मला कळलं होतं... येणारच होतो मी. पण एक संपली की दुसरी..." तो घुटमळला. "खरा शेवट काय आहे? सांग ना. पुढच्या मालिकेला उपयोगी पडेल."

सृष्टीनं डोळे पुसले. समोर पुण्याहून आलेली बस लागत होती. रोज ती उतरणाऱ्यांत त्याला शोधायची, आज तिनं तिकडं बघितलं नाही.

"ऐका. त्या सालच्या लोकरीची तिनं नवी घोंगडी विणून घेतली. लई दिसांनी तो जुनी घेऊन आला. ती म्हनली, ऱ्हाऊ द्या तुमालाच, थंडी तुमच्याकडंबी आसंल. अन् कळप घेऊन म्होरं गेली."

"सृष्टी, हा शेवट... थांब. मी रविवारी येतो. खरंच."

"आता कशाला? पुरी सांगितली की."

तिनं फोन ठेवला. गिऱ्हाईक आधार कार्ड घेऊन उभं होतं. तिनं ते काचेवर ठेवलं आणि बटण दाबलं.