अण्णांच्या पत्रात राहिलेलं नाव

सुगंधाची रतनशी पहिली ओळख झाली, ती त्याच्या पायांशी. कांजूरमार्गला अण्णांच्या गॅरेजात फियाटखालून दोन पाय बाहेर आले होते, आणि हातातली पेटी सावरत ती त्या पायांशी बोलत होती.

"परवापर्यंत होईल ना गाडी?"

"कुठवर न्यायचीय? मुलुंड?"

"काठमांडू."

पाय हलायचे थांबले. मग घसरत घसरत सगळा माणूस बाहेर आला. कपाळावर ग्रीसचा पट्टा, डोळे मात्र हसरे.

"बाई, ही विक्रोळीपर्यंत गेली तरी पेढे वाटा!"

हसू नये म्हणून तिने ओठ दाबले... पण त्याने ते पाहिलंच.

तिच्या वडिलांचा, कीर्तनकार काशीरामबुवांचा, गळा आदल्या वर्षी असा बसला की सहा महिने उठेना. 'आवाज परत दे, महाशिवरात्रीला तुझ्या दारी कीर्तन करीन,' असं ते पशुपतिनाथाला बोलून बसले. देवाने आपला शब्द पाळला. आता त्र्याऐंशीची शिवरात्र सहा दिवसांवर, गुडघ्यामुळे आगगाडीची चढउतार बुवांना जमेना, आणि फियाटने ऐन वेळी मान टाकलेली.

अण्णा म्हणजे बुवांच्या कीर्तनाला कायम पहिल्या रांगेत. त्यांनी आपली अँबॅसिडर काढून दिली, चालवायला रतन दिला. सरहद्दीवर मालकाचं पत्र लागतं, म्हणून तेही दिलं. पानभर, वळणदार अक्षरात.

दुखरा गुडघा लांब करून बुवा मागे बसले, म्हणून सुगंधा पुढे. तीन दिवस ती अभंग म्हणायची, रतन स्टिअरिंगवर बोटांनी ठेका धरायचा आणि हमखास चुकायचा.

"मुद्दाम चुकता ना तुम्ही?"

"बरोबर आलं तर तुम्ही शिकवायच्या थांबाल."

गोरखपूरच्या पुढे चहाला थांबले, तेव्हा त्याच्या खिशातली पत्र्याची डबी तिला दिसली.

"आईने दिलीय," तो जरा लाजला. "सोनूबाईंचा हुकूम — लुंबिनीची चिमूटभर माती आण. सरहद्द ओलांडली की जवळच आहे म्हणे. पण तुमचं कीर्तन आधी. परतताना वेळ उरला तर... बघू."

तिने स्वतःच्या पेल्यातला अर्धा चहा त्याच्या पेल्यात ओतला.

सुनौलीच्या फाटकापलीकडचा नेपाळी अधिकारी पत्र वाचायला बसला. देवनागरी त्याची रोजचीच. वाचता वाचता अडला. "ये ह.भ.प. क्या है?"

"हरिभक्तिपरायण!" बुवा खुलले.

अधिकाऱ्याने हात जोडले आणि पुढे वाचलं. बुवांचा गळा, देवाची कृपा, चि. सुगंधाचा गोड आवाज, दोघांच्या हाती गाडी सोपवल्याचं समाधान... सगळं होतं.

"ड्राइवर का नाम?"

"रतन."

"चिट्ठी में नहीं है."

खरंच नव्हतं. भक्तीच्या भरात अण्णा गाडी चालवणाऱ्यालाच विसरले होते. पत्रात ज्याचं नाव, तोच गाडी आत नेणार. नाहीतर नवं पत्र आणा. मुंबईहून! शिवरात्र तर उद्यावर आलेली. बुवांनी फक्त गळ्यावर हात ठेवला.

तो हात सुगंधाला पाहवला नाही.

"मेरा नाम तो है ना?" तिने पर्समधून लायसन्स काढलं. आरे कॉलनीच्या निवांत रस्त्यांवर, म्हशी चुकवत मिळवलेलं. "मी चालवते."

रतनने पायी जायला कुणाची हरकत नव्हती. तो तिच्या खिडकीला धरून चालू लागला.

"वाट लागली तर?" ती पुटपुटली.

"मी आहे की. क्लच हळू सोड... अगं, हळू!"

गाडीने एक आचका दिला आणि बंद पडली. मागच्या ट्रकांनी हॉर्नचा गजर केला. सुगंधा मात्र गालात हसत होती.

"परत म्हण."

"काय?"

"ते 'अगं'."

रतनचे कान लाल झाले. "अगं... चावी फिरव आधी!"

तिने चावी फिरवली. ती जडशीळ अँबॅसिडर गुरगुरली, सरकली, आणि लग्नातल्या घोड्यासारखी डौलात कमानीखालून पलीकडे गेली. मागून बुवांनी त्या परत मिळालेल्या गळ्याने आरोळी ठोकली, "हर हर महादेव!" ट्रकवाल्यांनी ती झेलली. सगळा नाका दुमदुमला.

रतन धापा टाकत शेजारी येऊन बसला. चार-पाच किलोमीटरवर फाटा आला. सरळ काठमांडू, डावीकडे लुंबिनी. तिने न विचारता डावीकडे घेतलं.

"अगं, कीर्तन! बुवा, सांगा ना हिला—"

"शंकर कुठे पळतोय?" बुवा डोळे मिटून म्हणाले. "तो उद्या रात्रभर जागाच आहे. आईचं काम आधी."

रतनने डबी घट्ट धरली. मग हळूच म्हणाला, "सुगंधा... पत्रात तुझ्या शेजारी माझं नाव असतं, तर बरं झालं असतं."

"मग घालू या ना." रस्त्यावरची नजर तिने हलवली नाही... आवाज मात्र हलला. "मुंबईला पोचलो की अण्णांना सांगू, नवं पत्र लिहा. चांगलं छापून घेऊ. वर गणपती, खाली—"

"खाली बुद्धाचं चित्र," मागून आवाज आला.

दोघं दचकली. बुवांचे डोळे मिटलेलेच होते.

"सोनूबाईंना विचारायला मी स्वतः येईन," ते म्हणाले. "आणि अण्णांना बजावा रे — या वेळी एकसुद्धा नाव राहता कामा नये!"