एक्केचाळीस मिनिटं, आठ सेकंद

मंगळवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. चौकशी आयोगाच्या कार्यालयाचं तळघर, डिस्क ठेवायची खोली. आत एकटी रेकॉर्ड सांभाळणारी बाई.

उद्या कोर्टात न्यायची डिस्क तिने कडांना धरून उचलली. तीत तिच्या धाकट्या भावाची साक्ष होती. भाऊ गोदामाचा पहारेकरी. आग लागली तेव्हा मागचं दार मालकाच्या हुकमाने बाहेरून बंद होतं, एवढंच त्याने नऊ वर्षांपूर्वी सांगितलं, आणि सहा महिन्यांत तो गेला. कसा, ते कुणी धड सांगितलं नाही. बाकीच्या साक्षींच्या डिस्क कार्यालयाच्या साहेबांनी लेबलं चिकटवून, एकावर एक रचून, उन्हाच्या खिडकीशी ठेवायला लावल्या. सगळ्या मेल्या. ही एकच बाईने नियमाने जपली: अंधारात, डबीत, उभी.

सकाळीच साहेब खोकत खोकत हसले होते. "डिस्क आहे की तान्हं बाळ, बाई? आडवी करायची नाही म्हणे!"

"आडवी ठेवली की वाकते, साहेब. इथे वाकलेले काय कमी आहेत?"

साहेबांचं हसू तिथेच विरलं.

दरवर्षी डिस्क वाजवून तिची लांबी डबीतल्या कार्डावर लिहायची, अशी पद्धत. नऊ ओळी, नऊही सारख्या: एक्केचाळीस मिनिटं, आठ सेकंद. आज यंत्र दाखवत होतं एक्केचाळीस मिनिटं, एकोणपन्नास.

एकदा भरलेल्या या डिस्कवर पुन्हा काही चढत नाही. हेडफोन लावून ती शेवटाकडे गेली.

"...एवढंच सांगायचंय," भाऊ म्हणाला. खुर्ची सरकली. इथे संपायला हवं होतं.

संपलं नाही. कुणाचा तरी श्वास... मग अगदी कानाशी, "ताई... दारात खुर्ची लाव."

मग पावलं. खोकला. कुलपात फिरणारी किल्ली.

"वेड लागलंय मला," ती पुटपुटली. पण खुर्ची उचलून तिने उंबऱ्यात आडवी घातली. डिस्क डबीत ठेवते न ठेवते तोच छतातून फुस्स... आग विझवायचा, बंद खोलीत जीव घेणारा गॅस. आग तर कुठेच नव्हती! दार बाहेरून धाडकन लोटलं गेलं आणि खुर्चीवर आपटलं. बाहेर कुणीतरी खोकलं. किल्ली फिरली, कुलपाची जीभ हवेतच बाहेर आली. तोंडाला पदर लावून, डबी उराशी धरून ती फटीतून सरपटत बाहेर पडली. जिन्यात कुणी नव्हतं.

बुधवारी कोर्टात डिस्क शेवटपर्यंत वाजली. तो खोकला ऐकून सगळ्या माना साहेबांकडे वळल्या. साहेब म्हणाले, यंत्राचा दोष. तज्ज्ञांनी मात्र लेखी दिलं: डिस्क एकदाच भरली आहे, नऊ वर्षांपूर्वी, फेरफार नाही.

साहेब या कार्यालयात आले चार वर्षांपूर्वी. आणि तळघराच्या दाराला ते कुलूप बसवलं गेल्याच वर्षी.