शेवटची पावाची टोपली

दार ढकललं तरी उघडेना. योगितानं पर्स काखेत मारली आणि दोन्ही हातांनी जोर लावला. तेवढ्यात शेजारी आणखी एक हात आला. निळ्या शर्टाची बाही कोपरापर्यंत दुमडलेली, मनगटावर उन्हानं रापल्याचा पट्टा. दोघांनी मिळून ढकललं. दार जागचं हललं नाही.

"आतनं कुणी धरून ठेवलंय का काय," शेजारचा म्हणाला.

"त्यांना आपण नको असू."

"मग जाऊ या का परत? तिकडं कोपऱ्यावर कचोरी लई भारी मिळते."

योगिताला हसू आलं. खरं तर त्या दिवशी हसायचं नाही असं ती ठरवून आली होती. काचेपलीकडून काळ्या जाकिटातल्या वेटरनं एका बोटानं खूण केली, आणि दार बाजूला सरकवायचं असतं हे दोघांना एकदमच कळलं.

"आप्पासाहेबांच्या नावानं टेबल आहे," ती आत जाऊन म्हणाली.

"माझंही," मागून तोच आवाज आला.

म्हणजे हाच तो. सिल्लोडचा बद्रीनाथ, बियाणं कंपनीतला.

आता इथं थोडं मागचं सांगायला हवं. योगिता पिशोरची, नानासाहेबांची धाकटी. शहरात मावशीकडं राहून एका चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायची. हे स्थळ मामांनी, म्हणजे आप्पासाहेबांनी आणलं, तेव्हा ती "मला नको" म्हणाली. आई हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, तर वहिनी हसली. तिसऱ्यांदा नानासाहेब कौतुकानं म्हणाले, "लाजतीय पोरगी," आणि साखरपुड्याच्या तारखा बघायला लागले. मुलगा-मुलगी एकदा भेटली की झालं, म्हणून आप्पासाहेबांनी शहरातल्या कॅनॉट भागातलं हे नवं फ्रेंच हॉटेल ठरवलं. ‘पेती पारी’. आप्पासाहेब स्वतः तिथं कधी गेले नव्हते, पण फोटो बघून खूश होते. योगितानं मात्र मुलाचा फोटोसुद्धा पाहिला नव्हता. घरात कुणी ऐकत नाही ना, मग आपला नकार थेट मुलालाच सांगायचा, एवढ्यासाठी ती आली होती.

बसल्या बसल्या वेटर पावाची टोपली घेऊन आला. पांढऱ्या फडक्याखाली गरम पाव, शेजारी लोणी. काय वास होता तो... योगितानं सकाळपासून काही खाल्लं नव्हतं.

"ब्रेड, मॅम?"

"नको," ती म्हणाली. म्हणजे आपण सगळेच म्हणतो तसं. पहिल्यांदा नको म्हणायचं, समोरच्यानं "असं कसं, घ्या की" म्हणायचं, मग संकोचत एक उचलायचा.

"सर?"

"नको, राहू द्या," बद्रीनाथही तसाच म्हणाला.

"शुअर," वेटर म्हणाला आणि टोपली घेऊन शेजारच्या टेबलाकडं गेला.

दोघंही त्या टोपलीकडं बघत राहिली. आता उशीर नको, बोलून टाकावं.

"तुम्हाला एक सांगायचंय. आधीच सांगते, म्हणजे... तुमचा वेळ जायला नको. माझा या लग्नाला नकार आहे."

तो "लाजताय" म्हणेल, नाहीतर चिडेल, नाहीतर "अहो, आधी ओळख तर होऊ द्या" म्हणेल. तिन्हींची उत्तरं तिनं तयार ठेवली होती.

"बरं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे?"

"म्हणजे कळलं."

"कारण नाही विचारणार?"

"सांगावंसं वाटलं तर सांगालच की." त्यानं पाण्याचा ग्लास तिच्याकडं सरकवला. "बियाणं विकायला जातो, तेव्हा शेतकरी नाय म्हणला की मी पुढच्या बांधाला जातो. म्हणून तर माझं टार्गेट कधी पुरं होत नाही."

योगिताला इतकं हलकं वाटलं की आता रडू येतंय की काय अशी भीती वाटली. इतके दिवस छातीवर ठेवलेलं ओझं एका माणसानं दोन अक्षरांत उतरवून ठेवलं होतं. आणि ओझं उतरल्यावर पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं नीट पाहिलं. डोळे तपकिरी होते. हसताना डावा जरा जास्त मिटायचा.

"तुम्ही माझा फोटो पाहिला होता?" तिनं विचारलं.

"व्हय. दारातच ओळखलं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही हसत होता. म्हटलं, अजून जरा वेळ हसू द्यावं. आणि तुम्ही?"

"मी नाही पाहिला तुमचा फोटो."

"काय पण," तो म्हणाला. "डोळे तपासणारी बाई, आणि न बघताच नकार."

तिनं मेनूकार्ड तोंडापुढं धरलं. तरी कान लाल झालेले त्याला दिसलेच असणार.

मग जेवण आलं, निदान वेटर तरी त्याला जेवण म्हणत होता. कांद्याचं सूप यायला इतका वेळ लागला की तोवर कांदा पेरून काढून झाला असता. वर चीजची साय, खाली कोमट गोडसर पाणी. त्यानंतर मोठ्या पांढऱ्या ताटाच्या मधोमध वांग्याच्या आणि टोमॅटोच्या पातळ चकत्या, एकीला एक टेकून उभ्या.

"हे अजून शिजायचंय का?" बद्रीनाथनं हळूच विचारलं.

"नाही, झालंय. वेटर ‘एन्जॉय’ म्हणून गेला."

"वांग्याला काय वाटत असेल..."

"गप्प बसा हो," ती म्हणाली, आणि हसू दाबताना तिच्या काट्यावरची चकती टेबलाखाली गेली.

शेजारच्या टेबलावर कुणीतरी पाव मोडला. कडकन आवाज झाला. आता मात्र तिला राहवेना. तिनं वेटरला बोलावलं. "ऐका ना, ती पावाची टोपली मघाची..."

"सॉरी मॅम, ती शेवटची होती. आजचा ब्रेड संपला."

"मघाशी तर होता."

"मघाशी तुम्ही नको म्हणालात, मॅम."

तो काही खोटं बोलत नव्हता. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, बिल निम्मं निम्मं भरलं आणि दोघं उपाशीपोटी बाहेर पडली.

त्यानं तिला मोटारसायकलवरून गुलमंडीत मावशीच्या घरी सोडलं. हिवाळ्यातलं दुपारचं ऊन, कापडदुकानांच्या पायऱ्यांवर रविवारची गर्दी, आणि मध्ये पर्स ठेवून मागे बसलेली योगिता. जिन्याच्या तोंडाशी मावशी, सुगंधाबाई, वाटच बघत होती. पाहुण्याला उंबऱ्यावरून परत जाऊ देणारी ती नव्हे. पाच मिनिटांत दोघांपुढं ताटं आली. ज्वारीची भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी आणि तूप सुटलेला शिरा.

दोघं नुसती जेवत राहिली. भरिताचा पहिला घास खाऊन बद्रीनाथनं डोळे मिटले.

"शिरा घे गं," मावशी पुन्हा डाव भरून आली.

"पुरे मावशी."

"पुरे काय, एवढा तर घे."

"खरंच नको."

"माझ्यासाठी," म्हणत मावशीनं डाव तिरका केला. लहानपणापासून असंच होतं. योगितानं नको म्हणायचं आणि ताट भरत जायचं. पण तेवढ्यात समोरून एक हात आला आणि तिच्या ताटावर आडवा झाला. गरम शिरा त्या हातावर पडला.

"अहो पाहुणं, हे काय," मावशी घाबरली.

"त्या नको म्हणाल्या ना," बद्रीनाथ म्हणाला. चेहरा वेडावाकडा झाला होता, पण हात त्यानं काढला नव्हता.

योगितानं त्याचं मनगट धरून मोरीपाशी नेलं. हातावर गार पाणी सोडत राहिली. रापलेल्या पट्ट्याखाली कातडी लाल झाली होती.

"भाजलं का खूप?"

"थोडंसं."

"कशाला मध्ये हात घातला?"

पाणी वाहत राहिलं, आणि हात सोडायचा असतो हे तिच्या जरा उशिरानंच लक्षात आलं.

निघताना तो मावशीच्या पाया पडला. "मावशी, आमचं जमायचं नाही. आप्पासाहेबांना मी आजच कळवतो."

"अहो, पोरी लाजतात. मनावर नका घेऊ."

"नाही, लाजल्या नव्हत्या. नीट बोलल्या होत्या." मग योगिताकडं वळून तो हळू म्हणाला, "नकार माझा म्हणून सांगतो. म्हणजे घरी तुमच्यावर कुणी चिडायचं नाही."

आणि तो जिना उतरून गेला.

झालं की मनासारखं. हेच तर हवं होतं. योगिता दारात उभी राहिली. खाली त्याच्या बुटांचा आवाज कमी कमी होत गेला, आणि तिच्या डोळ्यांपुढं ती टोपली आली, पांढरं फडकं, गरम वास, आणि शेजारच्या टेबलाकडं निघालेला वेटर. या माणसाला तिनं नकार दिला होता, पण खरं तर तो नकार त्याला नव्हताच. न विचारता ठरवणाऱ्या सगळ्यांना होता. आणि हा काही परत विचारायला येणार नव्हता. त्याच्यातली जी गोष्ट तिला आवडली होती, तिच्यापायीच तो आता निघाला होता.

ती अनवाणीच खाली पळाली.

तो गर्दीतून गाडी काढत होता.

"थांबा."

"काही राहिलं का?"

"तुम्ही... मला एकदा परत विचारा ना."

त्यानं मान हलवली. "नाही. परत विचारलं तर माझ्यात आणि शिऱ्याच्या डावात फरक काय?"

योगितानं श्वास घेतला. समोर साडीवाला घासाघीस थांबवून बघायला लागला होता. बघू दे.

"मग मी विचारते. पाव शिल्लक आहे का?"

त्याला कळायला क्षणभर लागला. मग डावा डोळा जरा जास्त मिटला. "आहे की," तो म्हणाला. "कुणाला दिलाच नाही अजून."

तिनं तिथंच उभं राहून पिशोरला फोन लावला. नानासाहेब लगेच म्हणाले, "झाली ना भेट? मग पुढच्या महिन्यातली..."

"नाना, ऐका. मी लाजत नाहीये. मुलगा मला आवडलाय. पण तारीख मी सांगीन, आम्ही चार वेळा भेटल्यावर. त्याच्या आधी नको म्हणजे नको."

पलीकडं गोठ्यातल्या घंटांमागून पंचांग मिटल्याचा आवाज आला.

"बरं," नानासाहेब म्हणाले.

तिनं फोन खाली घेतला. पाय हलके झाले होते, अगदी जमिनीला लागत नाहीत असे.

"काय म्हणाले?" बद्रीनाथनं विचारलं. त्याचाही जीव टांगणीला लागलेला दिसत होता, आणि ते बघून तिला फार बरं वाटलं.

"तुमच्यासारखंच म्हणाले."

वरच्या खिडकीतून मावशी वाकली. "योगे, अगं शिरा तसाच राहिलाय. काय करू त्याचं?"

योगितानं वर पाहिलं. मग गाडीची किल्ली काढून आपल्या मुठीत घेतली.

"वाढ मावशी," ती म्हणाली. "दोघांनाही वाढ."