शिशाच्या भिंतीआड

निनाद कुलथेनं आणखी एका प्रश्नाचं बिनचूक उत्तर दिलं आणि बिराजदार बाईंना त्याचा संशय येऊ लागला.

मंदाकिनी बिराजदार उदगीरच्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या विश्वस्त होत्या. त्यांनी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवलेला. नवजात बाळांच्या कक्षातली श्वासयंत्रं सांभाळायला तंत्रज्ञ हवा होता. मुलाखत घेणारे अभियंते ऐन वेळी आजारी पडले आणि काम बाईंवर आलं. यंत्रातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं. पण दुसऱ्यानं सांगितलेलं उत्तर कसं ऐकू येतं, हे त्यांना चांगलं कळत होतं. प्रत्येक प्रश्नानंतर निनाद क्षणभर थांबायचा, नजर किंचित डावीकडे वळायची, मग उत्तर सुरू.

श्रुतिकण! हल्ली कॉलेजातली मुलं तांदळाच्या दाण्याएवढं ते उपकरण कानामागे कातडीखाली बसवून घेत. समोरचं बोलणं ऐकून ते इंटरनेटवरून उत्तर शोधायचं आणि कानात कुजबुजायचं. तो बसवलाय का, असं उमेदवाराला विचारायला मात्र कायद्यानं मनाई होती.

"इथे फार उकडतंय. आपण खाली बसू," बाई म्हणाल्या.

तळघरात एक्स-रेची जुनी खोली होती. किरण बाहेर जाऊ नयेत म्हणून भिंतींत आणि दारात शिशाचे पत्रे बसवलेले. आत मोबाइललाही रेंज येत नसे. बाईंनी दार लावलं.

"बाळ श्वासयंत्रावर आहे आणि यंत्राचा भोंगा वाजायला लागला. आधी काय कराल?"

निनादची नजर डावीकडे गेली आणि तिथेच राहिली.

"नळी... नळी बघेन."

"मग?"

त्याच्या कपाळावर घाम आला. त्याचा हात नकळत कानामागे गेला.

दुसरी उमेदवार तृप्ती हंगरगे. तिलाही बाईंनी त्याच खोलीत तोच प्रश्न विचारला. ती अडखळत बोलली, पण बोलली. "आधी बाळाकडे बघेन. छाती हलत नसेल तर सिस्टरना हातानं दाबायच्या फुग्यानं श्वास द्यायला सांगेन. मग यंत्र." नव्या यंत्रांच्या संगणकाबद्दल विचारल्यावर मात्र म्हणाली, "ते मला फारसं येत नाही, मॅडम."

बाईंनी तिलाच निवडलं.

निनाद फाटकापाशी थांबला होता. "मॅडम, ती खोली तुम्ही मुद्दाम निवडलीत ना?"

"हो."

"बाळांच्या कक्षाला शिशाच्या भिंती आहेत?"

"नाहीत. पण इंटरनेट बंद पडलं तर?"

"वर्षभरात किती वेळा पडलं?"

एकदाही नाही. पण बाईंनी ते बोलून दाखवलं नाही.

तृप्ती रुजू झाली. काही आठवड्यांनी एका दुपारी कक्षातली सगळी श्वासयंत्रं एकदम थांबली. पडद्यांवर तिनं कधी न पाहिलेला संदेश झळकत होता. तिनं तत्काळ सगळ्या सिस्टरना बोलावून एकेका बाळापाशी उभं केलं. फुगे दाबले जाऊ लागले, इवल्या छात्या हलू लागल्या. यंत्रं मात्र काही केल्या चालू होईनात. कंपनीचा माणूस लातूरहून निघाला होता.

तृप्ती धावत बाहेर, काचेपाशी उभ्या बाईंकडे आली. "मॅडम, बाळं ठीक आहेत, पण सिस्टरचे हात भरून आलेत. माझ्याबरोबर मुलाखतीला आलेले ते... त्यांना हे संगणकाचं येत असेल. विचारता येईल?"

बाईंनी निनादचा नंबर लावला. पलीकडे घंटी वाजू लागली. काचेतून फुगे दाबणारे हात दिसत होते. बाईंच्या मनात आलं, आपण फोन नक्की कुणाला लावतोय? निनादला, की त्याच्या कानामागच्या त्या कणाला?