खाकी कागदातली आवृत्ती

आपलं पहिलंवहिलं काम दुकानात मांडल्यावर कसं दिसतं, हे चोरून बघायला ती त्या डिस्कच्या दुकानात शिरली, आणि बघते तर काय, त्याला चक्क खाकी कागद गुंडाळलेला.

रहस्यपटांच्या फळीवर तो जुना गाजलेला सिनेमा दोन आवृत्त्यांत उभा होता. एक जुनी, साध्या निळ्या कव्हरची. दुसरी नवी कोरी. तिचं कव्हर हिने रात्रीचा दिवस करून बनवलं होतं. त्या नव्या आवृत्तीच्या झाडून सगळ्या डब्या शाळेच्या पुस्तकांसारख्या कागदात बंद होत्या.

“हे का झाकलंय?” तिने शक्य तितक्या सहज विचारलं.

दुकानदार शिडीवरून उतरला. बोटाला चिकटपट्टीचा तुकडा तसाच लटकत होता.

“सिनेमा पाहिलाय तुम्ही?”

“नाही…”

“मग नाही सांगता येणार.”

“बरं, घेऊ कुठली?”

“जुनीत ओरखडे आहेत, संवाद विहिरीतून आल्यासारखे वाटतात. नवी लख्ख आहे. पण तिचं कव्हर ज्या महाभागाने केलंय ना, त्याला भेटून एकदा विचारायचंय — बाबा रे, प्रेक्षकांनी तुझं काय घोडं मारलं होतं?”

तिला राग यायला हवा होता. आलाही. पण बोलताना तो असा काही हसला, आधी डोळ्यांनी, मग उरलेल्या चेहऱ्याने, की रागाला पुढे काही सुचेना.

“तुम्ही जुनीच न्या,” तो म्हणाला. “ओरखडे सोसा. पण गुन्हेगार कोण, ते शेवटपर्यंत कळता कामा नये.”

त्या संध्याकाळी ती ताईबरोबर सिनेमा बघायला बसली. पडद्यावर एक श्रीमंत आत्या आली, चाकांच्या खुर्चीला खिळलेली. घरात एकेकाचा काटा काढला जात होता आणि खुनी तर जिन्यावरून वरखाली धावत होता. हिला दरदरून घाम फुटला. डिस्क काढणाऱ्या कंपनीने कव्हरसाठी फोटोंचा गठ्ठा दिला होता, मुदत दिली होती. सिनेमा दाखवायचं त्यांना सुचलं नाही आणि मागायचं हिला. गठ्ठ्यातला सगळ्यात देखणा फोटो हिने कव्हरवर घेतला होता. चांदण्यात, खिडकीशी, स्वतःच्या पायांवर ताठ उभी असलेली आत्या.

“अगं बाई,” ताई म्हणाली, “तू तर खुनीण दारातच उभी केलीस.”

दुसऱ्या दिवशी खरं सांगून टाकायचं, असं ठरवूनच ती गेली. पण त्याने इतक्या उत्सुकतेने “कुठवर आलात?” असं विचारलं, की तोंडातून निघून गेलं, “अर्ध्यावर… भीती वाटते हो एकटीला.”

मग रोज संध्याकाळी ती एक नवा संशयित घेऊन जाऊ लागली.

“माळी?”

“मी काही बोलणार नाही.”

“तुमच्या भुवया बोलल्या.”

“भुवयांवर माझा ताबा नाही. तुम्ही अशा बघत राहिलात तर… मुळीच नाही.”

ती लाजून फळीकडे वळायची. एखादं गिऱ्हाईक तिच्यासमोर शेवटाचा विषय काढू लागलं, की हा त्याला हाताला धरून बाहेर नेई. कसं सांगायचं अशा माणसाला? ती त्याच्या प्रेमात पडली होती, आणि आपलं नाटक उघडं पडलं तर हा तोंडसुद्धा बघणार नाही, या धास्तीने तिला जेवण जात नव्हतं.

एकदा तो काउंटर पुसत पुसत, तिच्याकडे न बघता म्हणाला, “उद्या दुकान लवकर बंद करतो. शेवटचा भाग इथेच बघू या? तुम्हाला कळेल ना… तेव्हाचा तुमचा चेहरा बघायचाय मला.”

खोटं बोलणं तिला जमलं होतं. खोटा चेहरा जमला नसता, त्याच्यापुढे तर नाहीच.

“ते कव्हर मी केलंय,” ती म्हणाली. “आणि सिनेमा पहिल्याच दिवशी पाहून संपवला. आत्याच आहे.”

तो शिडीच्या पायरीवर मटकन बसला.

“म्हणजे माळी, डॉक्टर, पुतण्या…”

“सगळं नाटक.”

“आणि मी वेड्यासारखा भुवया सांभाळत होतो.”

“चुकले मी.” तिने पिशवी खांद्याला लावली. डोळे भरून आले होते, ते दिसू नयेत म्हणून ती घाईने वळली. “येते.”

“थांबा. सगळं ठाऊक होतं, तर रोज यायचात कशाला?”

“एवढे रहस्यपट विकता,” ती पाठमोरीच म्हणाली, “आणि इतकंही ओळखता येत नाही?”

तो शिडीच्या पायरीवरून उठला.

“वाटलं होतं तसं,” तो हळूच म्हणाला. “पण चुकीचं निघालं तर… म्हणून विचारलं नाही. सिनेमा संपला की तुम्ही यायच्या थांबाल, याचीच भीती होती. कितीतरी वेळा मनात यायचं, बाईंना शेवट कधी कळूच नये.”

“आता तर संपला.”

“हो… उद्याला काही निमित्त उरलं नाही.”

“मग नुसतीच येऊ?”

“नुसतीच ये,” तो म्हणाला, आणि तिने खांद्यावरची पिशवी काढून परत काउंटरवर ठेवली.