मागच्या दाराची बातमी

या बातमीतून कुणाला काय मिळायचं होतं, ते आधी मांडू. बातमी लिहिणाऱ्या छोटीला पहिल्या पानावर नाव. संपादक असलेल्या दादाला नोकरीच्या मुलाखतीत टेबलावर सरकवायला एक खणखणीत अंक. फोटोग्राफर फ्लॅशला आपण काढलेला फोटो, तोही चार कॉलम. आणि जिने माहिती दिली तिला? शून्य. म्हणूनच तिचं नाव कुणालाही कळू द्यायचं नाही, असा शब्द छोटीने तिला दिला होता.

कॉलेजच्या पेपरचा तो अंक सोमवारी निघाला. बुधवारी सकाळी छोटी रडत मॅडमच्या खोलीत शिरली.

"मॅडम, तिला हॉस्टेलमधून काढलं. आज पाचपर्यंत खोली रिकामी कर म्हणालेत."

"कारण?"

"खोलीत हीटर सापडला म्हणे. हीटर सगळ्यांकडे आहे, मॅडम!"

"झडती सगळ्यांची झाली?"

"फक्त तिची."

मॅडमनी लाल पेन खाली ठेवलं. अर्धं आयुष्य वर्तमानपत्रात इतरांचा मजकूर कापण्यात गेलं होतं. आता पत्रकारितेच्या मुलांना त्या कायदा आणि आचारसंहिता शिकवत. मुलं त्यांना पाठीमागे 'कात्री' म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नव्हतं. समोर उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. प्रश्न होता, खबर देणाऱ्याचं संरक्षण कसं कराल? सगळ्यांनी पानभर बरोबर लिहिलं होतं. सगळ्यात सुरेख दादाने. कागदावर कधी कुणाचं काही चुकत नाही.

"नाव कुणाकुणाला माहीत होतं?"

"मला एकटीला. आईशप्पथ."

"शपथा नकोत. दादाला?"

"त्याने विचारलं, मी नाही सांगितलं. तो म्हणाला, मी संपादक आहे, ती खरंच तिथे होती हे मला कसं कळणार? म्हणून तिने काय काय पाहिलं ते सगळं सांगितलं. नाव सोडून."

"ती काय म्हणते?"

"माझ्याशी बोलतच नाही. फक्त म्हणाली, तूच विकलंस मला."

मॅडमनी अंक उलगडला. गेल्या महिन्यात मुलींच्या हॉस्टेलच्या स्वयंपाकघराला आग लागली होती. मुली पुढच्या दाराने धुरातून बाहेर पडल्या, कारण मागच्या जिन्याचं, अशा वेळी पळण्यासाठी ठेवलेलं दार बाहेरून कुलूपबंद होतं. असं 'नाव न छापण्याच्या अटीवर एका विद्यार्थिनीने' सांगितलं होतं. छोटीने लिहिलं नेटकं होतं. दार, कुलूप, धूर, बस्स. खाली चौकटीत हॉस्टेलच्या अधीक्षिकेची बाजू, शब्दशः: 'मागचं दार कायम उघडं असतं. कुलूप नव्हतं. हँडलही भक्कम आहे. बातमी खोडसाळ आहे.'

मॅडमनी ती चौकट दोनदा वाचली. चष्मा काढून डोळे चोळले. मग एक सुस्कारा टाकून उठल्या. गुडघे कुरकुरले.

पेपरच्या खोलीत फ्लॅश एकटाच होता, कॉम्प्युटरवर फोटो कापत.

"काय रे, अधीक्षिका तुझी मावशी ना?"

"सख्खी." त्याचा चेहरा पडला. "सकाळपासून सगळे हेच विचारतायत. मॅडम, आईचं आणि तिचं बोलणं बंद आहे. लग्नातसुद्धा दोन टोकांना जेवतात दोघी."

"माहिती देणारीचं नाव माहीत होतं तुला?"

"मला बातमीच फोटो काढायला पाठवल्यावर कळली. दाराचा काढ म्हणाले, काढला."

"मावशीला फोन कुणी केला?"

"दादाने, याच टेबलावरून. आधी गोड बोलत होता, मग आवाज चढला. फोन ठेवून हसला. म्हणाला, गप्प केलं बाईंना."

बातमी लिहिणाऱ्याने दुसरी बाजू स्वतः घ्यायची नाही, दुसऱ्या कुणीतरी थंड डोक्याने घ्यायची, हा नियम मॅडमचाच होता. थंड डोकं नेमकं कुणाचं, हे तपासायचं राहून गेलं होतं.

हॉस्टेलमध्ये ती मुलगी गादी गुंडाळत होती. मॅडमना पाहून तिने पाठ फिरवली.

"मी पेपरशी काही बोललेले नाही."

"मी ते विचारतच नाहीये, बाळा. मला फक्त मागच्या दाराचं हँडल सांग."

मुलीचे हात थांबले.

"त्या दिवशी ओढलं, तर हातातच आलं. तसंच परत बसवून ठेवलं. दुसऱ्या दिवशी बाईंना जाऊन सांगितलं, हँडल निसटतंय, बघा. दुसऱ्या कुणाला लागू नये म्हणून."

"बाईंशिवाय कुणाला?"

"छोटीला. पण तिला म्हटलं होतं, हे छापू नकोस. बाई लगेच ओळखतील."

"तिने नाही छापलं," मॅडम म्हणाल्या.

तीन वाजता त्यांनी तिघांना पेपरच्या खोलीत बसवलं. दादा हाताची घडी घालून टेबलाला टेकला होता.

"मॅडम, चौकशी फ्लॅशची करा. मावशी त्याची आहे."

"अंक घे. छोटीच्या बातमीत हँडल कुठे आहे ते दाखव."

दादाने चाळलं. "नाहीये."

"आता चौकट वाच."

तो वाचू लागला आणि मध्येच थांबला.

"वाच की. हँडलही भक्कम आहे. बातमीत हँडल नाही, मग बाई उत्तर कुणाला देतायत? विचारल्याशिवाय असं कुणी बोलत नाही, आणि अडचणीत असलेला माणूस तर मुळीच नाही. म्हणजे कुणीतरी विचारलं. छोटीने आपल्या बातमीतून हँडल गाळलं, पण दुसऱ्या बाजूला कात्री लावायची नाही, हे मीच तुमच्याकडून घोकून घेतलंय. प्रश्न गेला, उत्तर छापलं गेलं. बाई सोडल्या तर हँडल ठाऊक होतं तिघांना. ती मुलगी, छोटी आणि तू. फ्लॅशला ठाऊकच नव्हतं. आणि फोन तू केलास."

"पण मी नाव नाही सांगितलं! मला नाव माहीतच नव्हतं!"

"म्हणून तर बिनधास्त बोललास. काय म्हणाल्या बाई?"

दादाने घडी सोडली. "म्हणाल्या, तुमची ती मुलगी झोपेत बरळली असेल. मला खोटं पाडत होत्या, मॅडम. राहवलं नाही. म्हटलं, मग हँडल हातात कसं आलं?"

"आणि?"

"गप्प झाल्या."

"गप्प नाही झाल्या. आठवत होत्या, आपल्याकडे हँडलची तक्रार घेऊन कोण आलं होतं ते."

छोटी दादाकडे बघत होती.

"तुला कधी कळलं, दादा?"

"झडती झाली तेव्हा."

"काल संध्याकाळी?" तिचा आवाज चिरकला. "आणि सकाळपासून ती माझ्या तोंडावर थुंकायची बाकी आहे, तू काय करत होतास?"

"पुढचा अंक लावत होतो," दादा म्हणाला. मग त्याचं त्यालाच ते ऐकवेना. "मी प्राचार्यांकडे जातो. फोनचं सांगतो. सूड म्हणून काढलंय हे सिद्ध होईल, खोली वाचेल तिची."

"तू तसं सांगितलंस, तर बोलणारी तीच होती हेही सिद्ध होईल. तो शब्द मोडायचा की नाही, हे तू ठरवायचं नाहीस. तिला विचार."

ती फाटकापाशी भेटली, बॅगा दोन्ही हातांत. दादाने सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने ऐकून घेतलं.

"हीटर सापडला म्हटलं तर बाबा ओरडतील. पेपरात बोलले म्हटलं तर शिक्षण थांबवून घरी नेतील. माझं नाव नाही घ्यायचं."

"पण खोली..."

"नाही म्हटलं ना."

मग ती छोटीकडे वळली. एक बॅग तिने छोटीच्या हातात दिली, रिक्षापर्यंत, आणि रिक्षात बसल्यावर परत घेतली.

प्राचार्यांनी मॅडमना विचारलं, तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "आमच्या पेपरला कुणी माहिती दिली ते आम्ही सांगत नाही." त्यांना उद्धट ठरवण्यात आलं. थकल्या माणसाला तेवढं चालतं.

आता राहिला जमाखर्च. मागच्या दाराचं कुलूप निघालं, हँडल नवं बसलं. तत्परतेबद्दल अधीक्षिकेचं बैठकीत कौतुक झालं. दादाने संपादकपद सोडलं, अंक मात्र फाइलमध्ये जपून ठेवला, मुलाखतीला लागेल. फ्लॅशच्या घरी दोन बहिणींचं भांडण आणखी पक्कं झालं. छोटीला पहिलं पान मिळालं आणि मैत्रीण रिक्षापुरती उरली. मॅडमनी गठ्ठ्यातली दादाची उत्तरपत्रिका शोधली, आणि मार्क कापता येतील अशी एक ओळ तिच्यात सापडते का ते पाहिलं. सापडली नाही. पैकीच्या पैकी द्यावे लागले.

आणि जिच्या नावावर सुरुवातीपासून शून्य होतं, ती बहिणीच्या सासरी राहते. तिथले सगळे टीव्ही बघून उठले की मग हॉलमध्ये तिची गादी पडते, आणि सासरेबुवा फिरायला निघायच्या आत ती उचलावी लागते. हॉस्टेलच्या मुली आता मागच्या दाराने सहज ये-जा करतात, कॅन्टीनला तिकडून जवळ पडतं.