मोटारीआधीची धार

"तोंड बंद ठेवायचं. तिघांनीही," धक्क्यावर पाय टाकतानाच मामानं बजावलं. "विशेषतः तू."

हे 'तू' मिरचीसाठी होतं. मिरची हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत ऐकू यायचं. सुट्टीला मामाकडे आल्यापासून ती मजेत होती. आज मात्र सकाळपासून राग नाकाच्या शेंड्यावर घेऊन फिरत होती. ज्या होडीतून ते आत्ता आले, ती आजोबांनी स्वतःच्या हातानं बांधलेली छोटी होडी मामा आज देऊन टाकणार होता. बदल्यात घेणार होता होडीला लावायची एक जुनी मोटार.

मामाचंही चूक नव्हतं. मोठ्या होडीतून पलीकडच्या काठावर दूध आणि पाव पोचवायचं त्याचं काम. वल्ही मारून मारून त्याचा उजवा खांदा कामातून गेला होता. मोठ्या होडीला मोटार बसली नाही तर काम सोडावं लागणार, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"या, या! भाचरं वाटतं? किती गोड!" दुकानदार दारातच उभा होता. त्याच्या जिभेवर एवढं लोणी होतं, की मामेभावानं तिथल्या तिथे त्याचं नाव मस्काकाका ठेवलं. हा मामेभाऊ म्हणजे वकील. जेवायला हाक मारली तरी तो आधी उलटतपासणी घ्यायचा. तिसरा होता मिरचीचा धाकटा भाऊ डुलक्या. तो आल्या आल्या जुन्या टायरांवर बसून पेंगायला लागला.

मोटार लाकडी घोडीवर टांगलेली होती. खाली लांब पाय, पायाच्या टोकाला पंखा आणि त्याच्या जरा वर पाणी आत घ्यायची जाळी. त्या जाळीवर रबरी कप दाबून बसवले होते आणि कपांतून निघालेला पाइप थेट भिंतीवरच्या नळाला जोडला होता.

"मोटार पाणी पिऊनच थंड राहते बघा, दादा," नळ सोडत मस्काकाका म्हणाला. "खालून ओढते, इंजिनाभोवती फिरवते, मागच्या भोकातून बाहेर टाकते. धार आली की समजायचं, तब्येत ठणठणीत."

त्यानं दोरी ओढली. तिसऱ्या हिसक्याला इंजिन गुरगुरलं. मागच्या भोकातून पेन्सिलीएवढी जाड धार अंगणभर उडत होती. मामाचा चेहरा उजळला. धारेच्या वाटेत उभ्या असलेल्या मिरचीच्या कपाळावर मात्र आठी पडली.

"मामा, ही धार..."

"तोंड," मामा म्हणाला.

मस्काकाकानं इंजिन आणि नळ दोन्ही बंद केले, तेवढ्यात मिरचीनं वकिलाला टायरांमागे ओढलं. "धार कधी सुरू झाली?"

"मोटार सुरू झाल्यावर. पुढचा प्रश्न?"

"चूक. त्यानं दोरीला हात लावायच्या आधीच माझ्या चपला भिजल्या होत्या. नुसता नळ सोडला आणि धार आली. मोटार बंद असताना?"

वकिलाचे डोळे बारीक झाले. "म्हणजे पाणी मोटारीनं ओढलंच नाही. नळानं ढकललं."

"आणि पाण्याच्या मधोमध मामा नळ कुठून आणणार?"

"पिंपात बुडवा," डोळे न उघडता डुलक्या पुटपुटला. "नळ काढा. ओढू दे तिचं तिला." आणि तो परत झोपला.

मिरची तडक मस्काकाकापुढे जाऊन उभी राहिली. पिंप म्हटल्याबरोबर जिभेवरचं लोणी वितळलं.

"पिंपात? मोटार म्हणजे बुचकळायची गोधडी वाटली काय गं? दादा, पोरांना आवरा. माझं दुसरं गिऱ्हाईक दुपारी येतंय. व्यवहार करायचा नसेल तर तसं सांगा."

मामा शरमेनं लाल झाला. "आणखी एक शब्द बोललीस तर उद्याच तुझी परत पाठवणी," तो दात आवळून म्हणाला आणि होडी दाखवायला मस्काकाकाला घेऊन धक्क्याकडे गेला. मिरचीच्या डोळ्यांत पाणी आलं. आजोबांच्या होडीवर तो माणूस बुटासकट चढला, तेव्हा ते पाणी आटलं आणि उरला नुसता संताप.

"पिंप आण," ती वकिलाला म्हणाली.

दुकानामागे अर्धं कापलेलं पिंप होतं. दोघांनी मोटारीचा पाय बिजागरीवर उचलून धरला आणि डुलक्याला हलवून पिंप खाली सरकवायला लावलं. मग कप काढले. पाइप पिंपात सोडून नळ उघडला आणि पाणी जाळीच्या पार वर आल्यावर बंद केला. मिरचीनं एक बारीक तार मागच्या भोकात घालून फिरवली. कचऱ्याचा कण निघाला नाही.

"कुणी हात लावला?" मस्काकाका ओरडतच आला.

"मी," मिरची म्हणाली. "मामा, उद्यापासून ही दोरी तुझ्याच खांद्याला ओढायची आहे. आज एकदा ओढून बघ. मग मी जन्मभर गप्प."

"जन्मभर?" मामानं विचारलं.

"मी साक्षीदार," वकील म्हणाला.

असा सौदा कोण सोडतो? मामानं डाव्या हातानं दोरी ओढली. इंजिन गुरगुरलं. सगळे मागच्या भोकाकडे बघत राहिले. भोक कोरडं ठणठणीत.

"कचरा अडकला असेल," मस्काकाका घाईनं म्हणाला.

मिरचीनं तार वर धरली.

"आत्ताच साफ केलंय, काका," वकील म्हणाला. "थांबू या की थोडं."

इंजिन चालू होतं. थेंबही नव्हता. मस्काकाकाच्या कपाळावर मात्र घामाची धार लागली. "बंद करा," तो एकदम किंचाळला, "जळेल ती!"

"जळेल कशी?" वकिलानं शांतपणे विचारलं. "पाण्यात तर उभी आहे. तुम्हीच म्हणालात ना, खालून ओढते?"

मामानं इंजिन बंद केलं. मग मस्काकाकाकडे वळून एकच शब्द बोलला, "उघड."

मस्काकाकानं पाना फिरवून झाकण काढलं. मोटारीच्या पायात पाणी ओढणारं एक रबरी चाक होतं. त्याच्या पाकळ्या जुन्या बिस्किटासारख्या कडक झाल्या होत्या आणि बहुतेक तुटून गेल्या होत्या.

"बरेच दिवस पडून होती," तो पुटपुटला. "नळावर धार येत होती, म्हणून मी आत बघितलंच नाही."

"मग पिंपाला का घाबरलास?"

मस्काकाका खाली वाकून पाना पुसायला लागला.

"नवं चाक बसव," मामा म्हणाला. "पिंप भरून ठेव. ही पोरगी येऊन बघेल. ती हो म्हणाली तर पुढचं बोलू. होडी सोडून दुसरं काहीही बोलू."

परतताना वल्ही मिरचीनं घेतली आणि नळ सोडताच भिजलेल्या तिच्या चपलांची हकीकत वकिलानं मामाला सांगितली. दोन्ही काठ सारखेच लांब दिसायला लागले तेव्हा मामा म्हणाला, "इथेच बंद पडली असती ती. दुधासकट आणि माझ्यासकट."

मिरची वल्ही मारत राहिली.

"अगं, बोल की काहीतरी."

तिनं हनुवटीनं वकिलाकडे खूण केली.

"करार आहे, बाबा," वकील म्हणाला. "जन्मभरासाठी."

मामानं टोपी काढली, परत घातली. "मोडला करार. चुकलो मी. तुझ्या आजोबांनीही आधी चपला बघितल्या असत्या, मग धार. बोल, बाई."

मिरचीनं वल्ही क्षणभर थांबवली.

"मागे टेकून बस, मामा," ती म्हणाली. "खांदा दुखत असेल तुझा."